दगड आणि कागद वाचायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
स. न. वि. वि.

आपल्या गावाचा इतिहास म्हणजे जुन्या गॅझेटियरमधला अर्धा परिच्छेद, अशी माझी पक्की समजूत होती. वेशीबाहेरच्या ज्या दगडावर बसून आमचे बालपण गेले, तो वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला दगड, आहे हे मला तुमच्यामुळे कळले, म्हणून हे जाहीर आभाराचे पत्र.

'तुमच्यामुळे' म्हणतो खरे, पण तुम्ही उत्तर सांगितले नव्हतेच. मी आणलेला तारेचा ब्रश आणि खडू तुम्ही पिशवीत परत ठेवायला लावलात, अंधार पडू दिलात आणि विजेरी दगडाच्या कडेला जवळजवळ टेकवून 'खालून वर काय दिसते ते सांगा' एवढेच म्हणालात. तिरप्या उजेडात झिजलेल्या रेषा उठून आल्या: तळाशी आडवा पडलेला माणूस आणि त्याच्यामागे गाई, मधल्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गुरे वाचवताना तो पडला, हे दगडावर एकही अक्षर नसताना वाचता आले. नाव नाही म्हणून मी हळहळलो, तर दगड उभारणाऱ्यांना ते ठाऊक होते, असे तुम्ही शांतपणे म्हणालात.

घरच्या पत्र्याच्या पेटीतले मोडी कागद ही त्याहून कठीण गोष्ट. आधी शिरोरेषा ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरे लिहीत जायचे, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाची पर्वा करायची नाही. असल्या लेखनात मी 'सलास सबैन मया व अलफ' हे कुणा सावकाराचे नाव समजलो आणि तसे घरभर सांगूनही मोकळा झालो. तुम्ही हसला नाहीत. सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे जुन्या मराठी कागदांत अशी अरबी अंकनावांनी लिहिली जाणारी कालगणना, सुहूर सन, त्याचे 1173 वे वर्ष. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1772. हे वर्ष मृगाला सुरू होते आणि तारखेचा कोपरा कसरीने खाल्लेला, त्यामुळे विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन भावांत झालेला तो तंटा थोरल्या माधवराव पेशव्यांच्या हयातीतला की नोव्हेंबर 1772 मध्ये ते गेल्यानंतरचा, हे ठरत नाही, असे बजावल्यावरच तुम्ही मला वहीत आकडा लिहू दिलात. तेव्हा राग आला होता. आज त्याच हट्टाबद्दल मी सर्वांत जास्त ऋणी आहे.

पेटीत आता एकच कागद उरला आहे. तिसऱ्या ओळीतला एक शब्द मला 'पाटील' वाटतो, पण 'कशावरून?' हा तुमचा प्रश्न आठवून तो मी अजून पेन्सिलीनेच लिहून ठेवला आहे.

आपला विद्यार्थी