पोट्ट्यानं नाकाचं ऑपरेशन केलं तर ते लपवायचं काहून?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पुरुषांच्या नाकाच्या कॉस्मेटिक सर्जरीची बातमी तुमच्या पेपरात आली, ती आमच्या पानठेल्यावर मोठ्यानं वाचली गेली आणि सगळे खो खो हसले, आता पोट्ट्यायले नाकंबी नवी पायजेत काय म्हणे. मला ते हसणं बिलकुल आवडलं नाही म्हणून लिहितोय.

आमच्या गावातल्या एका पोराचं नाक शाळेत असताना कबड्डीत फुटलं होतं. घरच्यांनी हळद लावली, दवाखान्यात कोणी नेलं नाही, हाड वाकडंच जुळलं आणि गावानं त्याचं नाव वाकड्या ठेवलं ते कायमचं. आता लग्नाचं वय, शेती करणाऱ्या पोराला आधीच कोणी पोरगी देत नाही, त्यात बायोडाटाचा फोटो हा बाजूनंच काढायचा. शेवटी कापसाचे चुकारे हातात आल्यावर मोबाईलवरची जाहिरात पाहून शहरातल्या एका क्लिनिकात एकटाच गेला, घरी कोणालाच पत्ता नाही. आला तर नाकावर पट्टी, डोळ्याखाली काळंनिळं, म्हणे गाडीवरून पडलो. रात्री उशी रक्तानं भरली तरी आईला उठवलं नाही, कारण उठवलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं ना.

सूज उतरली तसं नाक बाहेरून बरं दिसायला लागलं पण एका बाजूनं श्वासच जाईना, रात्रभर तोंड उघडं ठेवून झोपतो. मग सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवलं, तिथल्या कान-नाक-घसाच्या डॉक्टरनं सांगितलं की आतला पडदा वाकडाच राहिला, वरचं हाड फक्त घासलंय, आणि आता लगेच हात लावता येत नाही, सगळं भरून यायला वर्षभर थांबा. पडदा सरळ करायचं ऑपरेशन यवतमाळच्या सरकारी कॉलेजात होतं, सेवाग्रामला होतं, आणि आतलं-बाहेरचं दोन्ही एकाच वेळी करणारे सर्जन पण असतात. पण हे त्याला सांगणार कोण, विचारलं असतं तर पहिले हसलेच असते सगळे.

आणि हे बायकी चोचले म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, नाक दुरुस्त करायची विद्या आपल्याकडचीच आहे, सुश्रुतानं लिहून ठेवलेली. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी होता, टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलं, तर पुण्याकडच्या एका कारागिरानं कपाळाची कातडी घेऊन त्याला नवं नाक बसवून दिलं. ती हकीकत 1794 मध्ये लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आली आणि ती वाचून तिकडच्या डॉक्टरनं 1814 मध्ये तसंच ऑपरेशन केलं. त्या गड्याला कोणी हसलं असेल असं मला नाही वाटत.

ज्याला करायचं त्यानं करावं, पण घरच्या माणसाला संगं घेऊन करावं. डॉक्टरकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सी.एच. किंवा कान-नाक-घसाची एम.एस. डिग्री आहे का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी नंबर काय हे तोंडावर विचारावं, खरा डॉक्टर चिडत नाही. नाकाची वाढ पुरी व्हायच्या आधी, म्हणजे सतरा-अठराच्या आत तर कोणी हौसेनं करूच नये. इंजेक्शननं पाच मिनिटात नाक सरळ करतो म्हणणाऱ्यापासून तर दूरच राहा, ते फिलर, म्हणजे नाकात भरायचं जेल, रक्ताच्या नळीत गेलं तर कातडी सडते, डोळा पण जाऊ शकतो. हौसेच्या ऑपरेशनला विमा पैसे देत नाही हे पण लोकांना माहीत नसतं, अपघातानंतरच्या दुरुस्तीची गोष्ट वेगळी, तिथं विचारून पाहावं.

साहेब, तुम्हाला एकच विनंती, आरोग्याच्या पानावर एखाद्या मेडिकल कॉलेजच्या सर्जनची मुलाखत छापा, साध्या भाषेत, खर्चासकट. आणि पेशंट ओढायला डॉक्टरनं जाहिरात करणं मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमात बसत नाही, तरी शेवटच्या पानावर आधीचा फोटो-नंतरचा फोटो लावलेल्या चौकटी येतात, त्या घेणं बंद करा.

आपला नेहमीचा वाचक,
एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ