परंपरांचे पाईक व्हायचे तर त्या आधी कळायला हव्यात : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शाळांमध्ये सर्व धर्मांची अभ्यासपूर्ण ओळख करून देण्याबाबत

महोदय,
सविनय नमस्कार.

राज्यातल्या शाळांमध्ये परिपाठाच्या वेळी मुले प्रतिज्ञा म्हणतात. देशातल्या समृद्ध आणि विविधतेने नटलेल्या परंपरांचा आपल्याला अभिमान आहे असे सांगून, त्या परंपरांचा पाईक होण्याची पात्रता अंगी यावी म्हणून सदैव प्रयत्न करण्याचे वचन ती देतात. हे वचन मुलांकडून रोज घेणारी शाळा ती पात्रता त्यांच्यात यावी म्हणून स्वतः काय करते, हे विचारण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. माध्यमिक शाळेत अनेक वर्षे इतिहास शिकवताना मी पाहिले, की एका बाकावर बसणाऱ्या मुलांना एकमेकांचे सण केवळ सुट्टीच्या यादीतून माहीत असतात. रोजा का धरतात, पर्युषणात काय करतात, गुरुद्वारातल्या लंगरमागचा विचार कोणता, हे त्यांना शाळा सांगत नाही. ते कळते मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून आणि निवडणुकीच्या भाषणांतून, आणि तिथे ते कोणत्या रूपात कळते हे आपणास ठाऊक आहे.

या मौनामागे बहुतेक वेळा राज्यघटनेचे कारण दिले जाते. अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि ही तरतूद योग्यच आहे. परंतु ७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एका प्रश्नाच्या उत्तरात स्पष्ट केले होते, की एखाद्या धर्माचे सिद्धांत श्रद्धेने मान्य करायला लावणे वेगळे आणि धर्माचा अभ्यास करणे वेगळे. पुढे देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाने (१९६४–६६) हाच भेद मान्य करून प्रमुख धर्मांची निवडक माहिती देणारा अभ्यासक्रम असावा अशी शिफारस केली, आणि सप्टेंबर २००२ मध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला दिलेल्या आव्हानाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयीचे शिक्षण घटनेशी विसंगत ठरत नाही असे म्हटले. तेव्हा अडचण कायद्याची नाही.

मे २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. त्यात मनाचे श्लोक आणि गीतेचे अध्याय यांच्या पाठांतराची सूचना होती व त्यावरून मोठा वाद झाला. समर्थांच्या शब्दांविषयी माझ्या मनात आदर आहे आणि घरोघरी ते पाठ व्हावेत असेच मला वाटते. परंतु शासनाच्या शाळेत एका परंपरेचे पाठांतर आणि इतरांविषयी मौन, अशी मांडणी झाली की उरलेल्या मुलांपर्यंत जो संदेश जातो, तो प्रतिज्ञेतल्या 'विविधतेने नटलेल्या' या शब्दांच्या विरुद्ध असतो. दुसऱ्या टोकाला, धर्माचे नावच शाळेत नको असा आग्रह धरणाऱ्यांनाही मला सांगायचे आहे, की श्रद्धा वगळून या राज्याचा इतिहास शिकवता येत नाही.

साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले व्हावे म्हणून उपोषण केले. हा लढा समतेचा होता आणि भक्तीचाही होता. त्यातली भक्ती काढून टाकली तर एका माणसाने एका मंदिराच्या दारासाठी प्राण पणाला का लावले हे मुलांना कळणारच नाही. त्याच्या बारा वर्षे आधी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यात बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले होते आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात राहतात. सहावीच्या इतिहासात बौद्ध, जैन, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम आणि पारशी या धर्मांची ओळख प्राचीन भारताच्या संदर्भात करून दिलेली आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र आपल्या वर्गातल्या मुलीचे आजी-आजोबा दीक्षाभूमीवर का गेले, कशाला नकार देऊन गेले आणि धम्मदीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांनी त्यांच्या रोजच्या जगण्यात काय बदलले, हे त्या प्राचीन धड्यातून कळत नाही. हा भाग शिकवायचा तर जातिव्यवस्थेच्या धार्मिक आधारांविषयीही बोलावे लागेल. ते टाळून दिलेली धर्मांची ओळख अर्धवट राहील, आणि अर्धवट ओळख मला नको आहे.

राष्ट्राची ओळख एकाच श्रद्धेवर उभारावी असे ज्यांना वाटते, त्यांनी महाराष्ट्राची भूमीच नीट पाहावी. संत नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि गुरू गोविंदसिंगांचे अखेरचे दिवस नांदेडला गेले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. अलिबाग परिसरातल्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू कुटुंबांनी शनिवार पाळत शतकानुशतके मराठीच बोलली. महात्मा फुल्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' या पुस्तकात असे कुटुंब कल्पिले आहे, की ज्यात पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असूनही सर्वजण परस्परांचा द्वेष न करता एकत्र राहतात. विनोबांनी गीताईबरोबरच कुराणाचे आणि ख्रिस्तधर्माचेही सार सिद्ध केले. या माणसांनी स्वतःची श्रद्धा सोडली नाही किंवा पातळ केली नाही. दुसऱ्याची श्रद्धा मात्र मेहनत घेऊन समजून घेतली. भारतीय असणे म्हणजे काय, याचे याहून भक्कम उत्तर मला ठाऊक नाही.

महोदय, यासाठी नवा विषय किंवा नवे दप्तर नको. इयत्ता सहावी ते आठवीच्या इतिहास व नागरिकशास्त्रातच प्रत्येक वर्षी काही तासिका या अभ्यासासाठी राखून ठेवाव्यात. त्यात पूजा, प्रार्थना आणि पाठांतर नसावे, आणि मुलाच्या स्वतःच्या श्रद्धेविषयी कोणताही प्रश्न परीक्षेत विचारला जाऊ नये. धड्यांचा मसुदा त्या त्या धर्माच्या अभ्यासकांनी आणि तो धर्म आचरणाऱ्यांनी, दोघांनीही वाचावा; मग तो हरकती व सूचनांसाठी जनतेपुढे ठेवावा. आपण मुलांना धर्मांतराकडे नेतो आहोत की धर्मद्वेषाकडे, अशी शंका कोणत्याही पालकाला आली, तर त्याला धडा उघडून वाचता आला पाहिजे.

सर्वांत अवघड काम शिक्षकांचे आहे. शाळांच्या सहली वेरूळला जातात. तिथे ३४ लेण्यांमध्ये बौद्ध, हिंदू आणि जैन शिल्पे शेजारी शेजारी आहेत, पण कैलास लेण्याची लांबी-उंची सांगणारे आम्ही शिक्षक 'तीर्थंकरांच्या अंगावर वस्त्र का नाही?' या मुलाच्या प्रश्नापुढे गडबडतो किंवा त्याला गप्प करतो. दोष शिक्षकांचा नाही. त्यांना हे कुणी शिकवलेलेच नाही. म्हणून पुस्तकात एक ओळही बदलण्याआधी डी.एल.एड. आणि बी.एड.च्या अभ्यासक्रमात याचा समावेश व्हावा, आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांमार्फत सेवेतल्या इतिहास शिक्षकांची प्रशिक्षणे घेतली जावीत. सुरुवात दोन-तीन जिल्ह्यांपासून झाली तरी चालेल. मराठवाड्यातला एखादा जिल्हा त्यात असावा, कारण वेरूळ, नांदेड आणि पैठण ही तिन्ही ठिकाणे मराठवाड्यातच आहेत. आपल्या विभागाने याबाबत काय ठरवले, हे कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका