सिस्टरला मारले तर फिर्याद कोणी द्यायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डॉक्टरांना मारहाण झाली की बातमी होते, काम बंद होते, मंत्री येऊन जातात. कॅज्युअल्टीतल्या, म्हणजे आपत्कालीन विभागातल्या सिस्टरला कोणी ढकलले, केस पेपर तोंडावर फेकला किंवा 'बाहेर ये, बघून घेतो' असा दम दिला, तर ते प्रकरण ड्युटी रजिस्टरच्या एका ओळीत संपते. पुष्कळदा ती ओळही लिहिली जात नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की अशा प्रत्येक प्रकरणात फिर्याद रुग्णालयाने द्यावी, सिस्टरवर किंवा ब्रदरवर (पुरुष परिचारकावर) सोडू नये.

कायदा नाही अशातला भाग नाही. वैद्यकीय सेवेतील व्यक्ती आणि संस्थांवरील हिंसाचार रोखणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात 2010 पासून आहे आणि त्यात परिचारिका येतात. 3 वर्षांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. मुख्य म्हणजे यातल्या हिंसेच्या व्याख्येत धाकदपटशा आणि कामात अडथळा आणणे हेही धरलेले आहे. म्हणजे रक्त निघेपर्यंत वाट पाहायचे कारण नाही. या कायद्याचा बोर्ड बहुतेक रुग्णालयांत लावलेलाही असतो, फक्त तो वाचायला वेळ असणारी माणसे तिथे फिरकत नाहीत.

अडते ते पोलीस ठाण्यात. रात्री अडीच वाजता सिस्टर वॉर्डातल्या एखाद्या मदतनीस मावशींना सोबत घेऊन जाते, 'शिवीगाळ केली, ढकलले' असे सांगते आणि तिची एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद घेतली जाते. विषय मिटला. पुढे जाऊन गुन्हा नोंदवायचा म्हटले तर फिर्यादी म्हणून तिचे नाव आणि घरचा पत्ता एफआयआरमध्ये जातो आणि ती प्रत आरोपीच्या हातात पडते. कळव्यात किंवा दिघ्यात भाड्याने राहणारी, अकरा महिन्यांच्या करारावरची मुलगी हे सगळे का ओढवून घेईल? तेच म्हणणे रुग्णालयाच्या लेटरहेडवर, वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीने आणि 2010 च्या कायद्याचा स्पष्ट उल्लेख करून गेले, तर ठाणे अंमलदाराला एनसीवर भागवणे अवघड जाते.

कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरील डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्या घटनेनंतर 16 ऑगस्ट 2024 रोजी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढलेल्या आदेशात हेच होते: ड्युटीवरील कर्मचाऱ्यावर हिंसा झाली, तर 6 तासांच्या आत संस्थेतर्फे एफआयआर नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची. आदेश केंद्राच्या रुग्णालयांसाठी होता. पण ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांना, आणि घोडबंदर रोडपासून नेरूळ-बेलापूरपर्यंतच्या खासगी रुग्णालयांना, तो नियम स्वतःला लावून घ्यायला कोणी अडवलेले नाही.

त्या 6 तासांत काय करायचे, हे मात्र आधी ठरलेले हवे. इन्चार्ज सिस्टरने वेळ टाकून घटना लिहावी. 'उद्धट बोलले' असे मोघम नको. जे शब्द वापरले तेच, शिव्यांसकट. मार लागला असेल तर त्या सिस्टरचा स्वतःचा केस पेपर निघून एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) झाली पाहिजे. इथे आमच्याच चुका फार होतात: साडेतीन इंचाचा ओरखडा आपणच बीटाडीन लावून झाकतो आणि पुढचा पेशंट घेतो, मग कोर्टात दाखवायला कागद नसतो. सीसीटीव्हीचे फुटेज लगेच उतरवून ठेवावे, कारण रेकॉर्डर भरला की जुने आपोआप पुसले जाते. त्याबरोबर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडावे. बहुतेक कॅमेऱ्यांत आवाज नसतो, म्हणून धमकीच्या प्रकरणात दोन साक्षीदारांची नावे त्याच पाळीत लिहून घ्यावी लागतात. हात लावण्याचा किंवा अश्लील बोलण्याचा प्रकार असेल, तर 2013 चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदाही आहेच. कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून सुरक्षितता देणे हे त्यात मालकाचेच कर्तव्य मानले आहे.

मार सिस्टरलाच का बसतो, हेही सांगायला हवे. डॉक्टर पडद्याआड पेशंटजवळ, दारात सिस्टर. 'बेड नाही', 'डिपॉझिट भरा', 'इथे न्यूरोसर्जन नाही, सायनला न्या' हे निरोप तिच्या तोंडून जातात आणि त्यातला एकही निर्णय तिचा नसतो. शहापूर-मुरबाडहून दोन दवाखाने फिरून आलेल्या माणसाला तिसऱ्या दारातही तेच ऐकवले, तर तो भडकणारच. दहीहंडीच्या रात्री एका गोविंदामागे अख्खे पथक आत शिरते. मनगट मोडलेला पोरगा बिचारा शांत असतो. म्हणून 'नाही' सांगायचे काम डॉक्टरांनी किंवा त्यासाठी नेमलेल्या माणसाने करावे, आणि रात्रीच्या पाळीतही तो माणूस जागेवर असावा.

मृत्यूची बातमी हा तर सगळ्यात नाजूक भाग. पेशंट आणला तेव्हाच गेलेला असताना 'प्रयत्न चालू आहेत' म्हणत अर्धा तास काढला, की तो अर्धा तास पुढे अंगावर येतो. डॉक्टर आणि सिस्टर दोघांनी मिळून, दोन जवळच्या नातेवाइकांना बाजूला बसवून, 'मृत्यू झाला आहे' असे सरळ सांगावे. आपण दाराच्या बाजूला, पटकन बाहेर पडता येईल असे बसावे. पोस्टमार्टेमचा विषय त्याच वाक्यात काढू नये.

जागेची रचना बदलायला फार पैसे लागत नाहीत. नर्सिंग स्टेशन भिंतीला टेकलेले असते, अंगावर कोणी आले तर मागे सरकायला वाट नाही. तिथे दुसरे दार हवे. खुर्च्या जमिनीला बोल्टने बसवाव्यात. सलाइनचे रिकामे स्टँड आणि कात्री-ब्लेडचे ट्रे आत असावेत. ओळखपत्राची दोरी ओढताच सुटणारी हवी. पॅनिक बटण काउंटरखाली असावे आणि बेल गार्डजवळ वाजावी, पार्किंगच्या केबिनमध्ये नव्हे. आठवड्यातून एकदा ते दाबून पाहावे, नाहीतर गरजेच्या वेळी वायर तुटलेली निघते.

एक गोष्ट मात्र पोलिसांकडे नेऊ नये. हात-पाय झाडणारा पेशंट दारुडाच असेल असे नाही. साखर उतरलेली, ऑक्सिजन कमी पडलेला, डोक्याला मार लागलेला किंवा दारू अचानक सुटलेला माणूस असाच वागतो. आधी ग्लुकोमीटर आणि पल्स ऑक्सिमीटर लावावा. त्याने चावा घेतला तर जखम साबण-पाण्याने धुऊन डॉक्टरांना लगेच दाखवावी. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्यांची गरज ठरली तर त्या शक्यतो 2 तासांत, फार तर 72 तासांत सुरू व्हाव्या लागतात. त्या रात्री फार्मसी बंद आहे हे उत्तर चालणार नाही.

जबाबाला आणि कोर्टाच्या तारखेला जावे लागते त्या दिवशी अनेक ठिकाणी आमचीच रजा कापली जाते. तो दिवस ड्युटीचा धरावा, असे परिपत्रक दोन्ही महापालिका आयुक्तांनी निदान आपापल्या रुग्णालयांसाठी काढावे, ही विनंती.

आपल्या,
ठाणे व नवी मुंबईतील आपत्कालीन विभागांत काम करणाऱ्या काही परिचारिका