बेचाळीस वजा सतरा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि सोबत पाठवलेलं लेकीच्या वहीचं पान त्याहून जास्त वेळा पाहिलं. 42 वजा 17, उत्तर 35. खोडून पुन्हा 35च लिहिलंय. तू म्हणतोस, तिचं लक्षच नसतं. मला तसं वाटत नाही. एककात 2 आणि 7 दिसले, मोठ्यातून लहान गेला, 5 उरले. दशकात 4 मधून 1 गेला, 3 उरले. दोन्हीकडे तिनं एकच नियम लावलाय. आणि तो नियम आपणच तिला दिला, 'लहानातून मोठा जात नाही' असं सारखं बजावून. तिनं तो मनापासून पाळला आणि वर लाल फुली मिळाली. त्या फुलीचं मला खरंच वाईट वाटलं.

पहिली-दुसरीला शिकवताना ही वजाबाकी मी असंख्य वह्यांत पाहिलीय. सुरुवातीची काही वर्षं मीही उभी मांडणी नुसती गिरवून घ्यायचो. मुलं महिनाभर बरोबर करायची आणि सुट्टीनंतर परत 35 लिहायची. कारण त्या 4 मध्ये 40 दडलेत, हे त्यांनी कधी हातात धरून पाहिलेलंच नसायचं.

म्हणून सांगतो, आठवडाभर वही मिटून ठेव. काड्या घे आणि रबर लावून दहा-दहाचे गठ्ठे बांधा, तिलाच बांधू दे. मग तिच्यापुढे 4 गठ्ठे आणि 2 सुट्या काड्या ठेव आणि म्हण, 'मला 17 दे.' पुढे काही बोलू नकोस. बहुतेक ती एक गठ्ठा देईल, दोन सुट्या देईल आणि अडेल. अजून 5 द्यायच्यात आणि सुटी एकही नाही. तेव्हा तुझी जीभ शिवशिवेल, तरी थांब. थोड्या वेळानं तिचा हात रबराकडे जाईल. गठ्ठा सुटला की 10 सुट्या, त्यातल्या 5 तुला. तिच्याकडे 2 गठ्ठे आणि 5 सुट्या. पाच-सहा वेळा असं झालं, की मग कागदावर दशकाचा 4 खोडून 3 का लिहायचा, ते ती तुला सांगेल.

'उसना घेतला' हा शब्द मात्र वापरू नकोस. उसनं घेतलेलं परत द्यावं लागतं, आणि मुलं खरंच विचारतात, 'मग परत कधी द्यायचा?' इथे कुणी कुणाकडून काही घेत नाही, आपलाच गठ्ठा आपण सोडतो. बेरजेतला हातचा म्हणजे याच्या उलट, 10 सुट्या जमल्या की गठ्ठा बांधायचा.

आणखी एक. ऐकताना 'बेचाळीस'मध्ये बे आधी येतो, लिहिताना 4. ती कधी 24 लिहीत असेल तर रागावू नकोस, ती ऐकल्याप्रमाणे लिहितेय. उलट आपल्या अंकनावांत एक गंमत आहे ती तिला दाखव. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. एकोणचाळीस, एकोणपन्नास, सगळ्यांत वजाबाकी बसलेली आहे.

बेरीज तिला येते असं लिहितोस, पण एवढं बघ. 8 आणि 3 विचारल्यावर ती 1 पासून मोजते, की 8 मनात धरून 9, 10, 11 म्हणते? पहिल्यापासून मोजत असेल तर 8 मणी तिच्यादेखत मोजून मुठीत झाकायचे आणि 3 बाहेर ठेवायचे. बोटं वापरली तर वापरू दे. गरज संपली की ती आपोआप सुटतात.

वजाबाकी म्हणजे फक्त काढून घेणं, एवढंच तिला ठाऊक असेल तर पुढे अडचण येते. 'तुझ्याकडे 8 मणी, माझ्याकडे 5, तुझ्याकडे किती जास्त?' असं विचारून बघ. पुष्कळ मुलं 13 सांगतात, 'जास्त' ऐकलं की बेरीज करायची म्हणून. इथे कुणाचे मणी गेलेलेच नाहीत. दोन्ही रांगा समोरासमोर लावल्या, जोड्या जुळवल्या, की जोडीदार नसलेले 3 तिला दिसतात. तसंच '5 ला अजून किती मिळवले की 8?' हेही वजाबाकीचंच रूप, आणि मला ते सगळ्यांत आवडतं, कारण त्यात बेरीज आणि वजाबाकी एकमेकींना भेटतात.

धाकटा चारचा आहे ना? त्याच्यापुढे सारख्या मण्यांच्या दोन रांगा मांड आणि एक जरा पसरट कर. बहुतेक तो म्हणेल, लांब रांगेत जास्त आहेत. पियाजे या मानसशास्त्रज्ञानं मुलांबरोबर हेच करून पाहिलं होतं. त्याला एवढ्यात बेरीज शिकवू नकोस, नुसते मणी मोजू दे, वाटू दे.

गठ्ठा सोडायच्या आधी लेक अडली, की तिथे ती काय पुटपुटली ते तिच्याच शब्दांत मला लिही. मी वाट बघतोय.

तुझाच मित्र