मांतोव्याचे गोंझागा

प्रिय वसंत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. इटलीतल्या सरदार घराण्यांचा विषय निघाला की बहुतेक जण फ्लॉरेन्सच्या मेदिचींपाशी थांबतात आणि तूही तिथेच थांबलास; म्हणून आज मांतोव्याच्या गोंझागा घराण्याची हकिगत मुद्दाम कळवतो.

मिंचो नदीच्या पाण्याने तीन बाजूंनी वेढलेले हे शहर १६ ऑगस्ट १३२८ रोजी लुइजी गोंझागाने बोनाकोल्सी घराण्याकडून हिसकावून घेतले. गोंझागा तोवर जमीनजुमला राखून असलेले सधन लोक होते, राजे नव्हते. पुढे मिलान आणि व्हेनिस या दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या कात्रीत सापडलेल्या या घराण्याने पगारी सेनानीचा पेशा पत्करला. कधी याच्या तर कधी त्याच्या चाकरीत फौज घेऊन जायचे आणि त्या कमाईवर घरचे राज्य चालवायचे. पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटाकडून १४३३ मध्ये मार्क्विस आणि १५३० मध्ये ड्यूक हे किताबही त्यांनी पदरात पाडून घेतले.

त्यांना कलेचे भोक्ते म्हणून गौरवण्याची प्रथा आहे, पण मला ते अर्धसत्य वाटते. एवढ्याशा राज्याला तलवारीने जो दरारा निर्माण करता येत नव्हता, तो त्यांनी चित्रकारांकडून करवून घेतला. आंद्रेआ मांतेन्या या चित्रकाराने १४६५ ते १४७४ या काळात किल्ल्यातल्या एका दालनात लुदोविको गोंझागाचा अवघा दरबार रंगवला. हातात पत्र घेऊन बसलेला लुदोविको मागे वळून चिटणिसाशी बोलतो आहे, खुर्चीखाली त्याचा कुत्रा निवांत पडला आहे आणि छतावर रंगवलेल्या गोल झरोक्यातून बायका वाकून खाली पाहताहेत. तिथल्या आडव्या दांडीवर झाडाची एक कुंडी अशी टेकवली आहे की खाली उभ्या असलेल्या पाहुण्याने जरा जपूनच राहावे! परराज्यांच्या वकिलांना या दालनात बसवण्यामागचा हिशेब तुझ्या ध्यानात येईलच.

हा बाणा पुढच्या पिढ्यांनीही सोडला नाही. ड्यूक पहिल्या विंचेंझोच्या पदरी चित्रकार रुबेन्स होता आणि मोंतेव्हेर्दीचा ‘ओर्फेओ’ हा ऑपेरा १६०७ मध्ये त्याच्याच दरबारी सादर झाला. याच घराण्याच्या कास्तिल्योने शाखेतला थोरला मुलगा लुइजी मात्र वारसाहक्कावर पाणी सोडून जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात गेला आणि १५९१ मध्ये रोममध्ये साथीच्या रोग्यांची शुश्रूषा करताना ऐन तेविशीत वारला. आपल्याकडे ज्याच्या नावाच्या शाळा आहेत, तो सेंट अलॉयशियस हाच.

मग मात्र कर्ज डोईजड झाले. दुसऱ्या विंचेंझोने १६२७ मध्ये चित्रसंग्रहाचा मोठा भाग इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला विकला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो निपुत्रिक वारला. ज्या ऐश्वर्यावर राज्याची पत उभी होती तेच बाजारात मांडणाऱ्या या माणसाबद्दल मला सहानुभूती वाटत नाही. फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या शाखेचा चार्ल्स गादीवर आला, त्यावरून फ्रान्स एकीकडे आणि स्पेन व सम्राट दुसरीकडे असे युद्ध पेटले, आणि जुलै १६३० मध्ये प्लेगने आधीच खिळखिळे झालेले मांतोवा सम्राटाच्या सैन्याने धुऊन नेले. त्यानंतर राज्य नावालाच उरले. शेवटचा ड्यूक फ्रान्सच्या बाजूने गेला म्हणून सम्राटाने त्याला राजद्रोही ठरवले आणि १७०८ मध्ये तो पादुआत परागंदा अवस्थेतच मेला.

तू लेकीकडे लंडनला जाशील तेव्हा हॅम्प्टन कोर्ट चुकवू नकोस. मांतेन्याने गोंझागांसाठी रंगवलेली सीझरच्या विजययात्रेची नऊ भव्य चित्रे तिथे आहेत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर