कृषी दिन हारापुरता नको

संपादक महाशय,

१ जुलैला, वसंतराव नाईकांच्या जयंतीला, त्यांच्या फोटोला हार पडतो, भाषणे होतात आणि कृषी दिन संपतो. पुसदजवळच्या गहुलीत १९१३ साली शेतकरी बंजारा कुटुंबात जन्मलेले नाईकसाहेब वकील झाले, पुसदचे नगराध्यक्ष झाले आणि १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षे मुख्यमंत्री राहिले. पण मला मोठे वाटते ते त्यांचे शेतीतले काम. संकरित ज्वारी त्यांनी हट्टाने गावोगाव पोचवली. १९७२च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम दिले. अकोल्याचे कृषी विद्यापीठही त्यांच्याच काळातले, १९६९चे. शेतकऱ्यांचा सगळा कापूस सरकारनेच विकत घ्यायचा, ही त्यांच्या काळातली कापूस एकाधिकार योजना पुढे तोट्यात गेली हे खरे, तरी कापूस व्यापाऱ्याच्या मर्जीवर सोडायचा नाही, ही भूमिका मला आजही रास्त वाटते.

म्हणून विनंती एवढीच, की त्या दिवशी शास्त्रज्ञांना मंचावर बसवू नका, आमच्या बांधावर पाठवा. तेव्हा कपाशी नुकतीच उगवलेली असते. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढून पकडणारे) कधी आणि किती लावायचे, हे तेव्हाच कळायला हवे. बोंडे सडल्यावर पंचनामे करून काय उपयोग?

– एक कापूस उत्पादक, ता. पुसद, जि. यवतमाळ