भरून येणं आणि भरत राहणं

प्रिय बाबा आणि आई,

प्रभूच्या नावाने सलाम.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, सभेत लोक रडतात, थरथरतात, मला काहीच होत नाही, मग मी पवित्र आत्म्याने भरलेला नाही का? फोनवर हे धड सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

इफिसकरांस पत्राचा 5वा अध्याय काढा, वचन 18. ‘आत्म्याने परिपूर्ण व्हा’ हे मूळ ग्रीकमध्ये ‘भरत राहा’ अशा अर्थाचं आहे, एकदा घडून संपणारं नाही. शिवाय भरणारा देव, आपण नुसतं भांडं. वाक्य तिथे थांबतही नाही. स्तोत्रांनी एकमेकांशी बोलणं, मनापासून गाणं, उपकार मानणं, एकमेकांच्या अधीन होणं, हे सगळं 21व्या वचनापर्यंत त्याच ओघात येतं. थरथरणं कुठेच नाही. रडू आलं तर येऊ द्या, पण ते मोजमाप नव्हे. आता शेजारी कलस्सैकरांस 3:16 ठेवा. तिथेही गाणी आहेत, उपकारस्तुती आहे, फक्त सुरुवात ‘ख्रिस्ताचं वचन तुमच्यात भरपूर राहो’ अशी आहे. म्हणून पवित्र शास्त्र मिटून नुसता आत्मा मागत बसू नका.

सकाळच्या चहानंतर वीस मिनिटं पुरेत. एक स्तोत्र सकाळी, एक रात्री, मोठ्याने आणि आलटूनपालटून वाचा. मनातल्या मनात वाचलं की डोळा लागतो. 119वं स्तोत्र 176 वचनांचं आहे, ते एका दमात नको. आठ-आठ वचनांचे 22 भाग आहेत, दिवसाला एक. असं धरलं तर स्तोत्रसंहिता सव्वातीन महिन्यांत होते. ‘माझ्या शत्रूंचा सूड घे’ असली वचनं आली तरी गाळू नका. राग देवापुढे ओतला की तो सुनेवर निघत नाही.

मग एक गीत, तीनच कडवी. पेटीवर काळी तीन धरलीत तर अंतऱ्याला दोघांचाही आवाज फाटेल, पांढरी तीनवर उतरवा. आपल्याकडच्या पावसात पेटीचे सूर दमट होऊन अडकतात. ती भिंतीला टेकवून ठेवू नका आणि रोज थोडी वाजवा.

आई, गुडघे टेकता येत नाहीत म्हणून तू हळहळतेस. दावीद परमेश्वरापुढे बसून बोलला (2 शमुवेल 7:18). हिज्कीया राजा तर आजारपणात भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करत होता, त्याला 15 वर्षं वाढवून मिळाली. खुर्चीत बस, पाय पाटावर ठेव. उपासाचंही तसंच. साखरेच्या गोळ्या चालू असताना जेवण चुकवलं तर साखर एकदम उतरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यापेक्षा बुधवारी टीव्ही बंद ठेवा (बाबांना हा उपास जड जाईल).

मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या प्रार्थनेच्या, वहीत वाराप्रमाणे पाचच नावं लिहा. यादी पन्नासावर गेली की हजेरी होते. विद्यार्थ्यांच्या मिशनचळवळीचे रॉबर्ट वाइल्डर 1863 मध्ये आपल्या कोल्हापुरातच जन्मले. त्यांचे वडील रॉयल वाइल्डर 1852 मध्ये इथे मिशनरी म्हणून आले होते. रॉबर्ट आणि त्यांची बहीण ग्रेस तरुणांना मिशनकार्याची हाक मिळावी म्हणून मिळून प्रार्थना करत. 1886 मध्ये अमेरिकेतल्या माउंट हर्मनच्या शिबिरात 100 विद्यार्थी त्यासाठी पुढे आले. प्रार्थनेला दोघं पुरतात. तुम्हीही दोघं आहात.

आत्म्याला खिन्न करणं म्हणजे काय, ते इफिस 4:30 च्या आगेमागेच आहे: कुजकं बोलणं, कटुत्व, आरडाओरडा. सातबाऱ्यावरून भावकीत अबोला धरून आराधनेला बसलात तर गीत घशातच राहील. आधी फोन करा. मत्तय 5:24 मध्ये क्रम तोच आहे: आधी समेट, मग अर्पण.

गलतीकरांस 5:22-23 मध्ये ‘फळ’ एकवचनी आहे, त्यात प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंत नऊ गोष्टी. ते रोज तपासू नका. आडसाली ऊस लावून दुसऱ्या दिवशी कोणी कांडी मोजायला फडात जात नाही. त्याला दीड वर्ष लागतं. बाबा, पूर्वी रिक्षावाल्याशी दोन रुपयांवरून जेवढे भांडायचात तेवढे आता भांडता का, एवढंच आईला विचारा.

‘अकरा जणांना पाठवा, नाहीतर आशीर्वाद हुकेल’ असले मेसेज सरळ पुसा. आत्मा धमकी देऊन काम करत नाही. पावसात मंडळीत जाणं झालं नाही तर पाळकसाहेबांना फोन करा, प्रभुभोजन घरी देतील. संकोच नको.

71वं स्तोत्र म्हातारपणाचंच आहे, 9 आणि 18 ही वचनं बघा. ते मोठ्या अक्षरात छापून सोबत ठेवलंय. चष्मा सापडला नाही तरी वाचता येईल.

तुमची,
लेक